नीतिनिरपेक्षता

नीतिनिरपेक्षता : नैतिक मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर असण्याची अवस्था वा भूमिका. नैतिक नियमाचा भंग करणारे वर्तन अनैतिक ठरते. ज्याला नीतीचे निकष लागूच पडत नाहीत, किंवा जे त्या निकषांचा विचारच करीत नाही, ते नीतिनिरपेक्ष होय. महापूर, हिंस्र पशू आणि तान्हे मूल ही पहिल्या प्रकारची उदाहरणे होत. निकष समजत असूनही ते बाजूस सारणारी प्रौढ व्यक्ती हे दुसऱ्या प्रकारचे. या दोन प्रकारांची गल्लत हीच या संकल्पनेच्या इतिहासातील मुख्य अडचण आहे. इंग्रजीतील ‘अमॉरल’ ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. विचार मात्र प्राचीन आहे.

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात पूरण कस्सपाचे अक्रियावादी मत नमूद आहे. हिंसा वा चोरी केल्याने पाप लागत नाही आणि दान वा संयम यांनी पुण्य लाभत नाही, असे ते मत. मक्खलि गोसालाच्या नियतिवादानुसारही मानवी प्रयत्नाला अर्थ उरत नाही. ही मते प्रतिपक्षाच्या ग्रंथांतूनच ज्ञात असल्याने त्यांचे मूळ स्वरूप सावधपणेच ठरवावे लागते. कौटिलीय अर्थशास्त्राचा मूळ पाठ आर्. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केल्यावर त्यातील हेरगिरी, भेद व कपट यांचे विवेचन नीतिनिरपेक्ष राजनीतीचा नमुना म्हणून चर्चिले गेले. माक्स वेबर याने १९१९ मधील आपल्या व्याख्यानात त्याच्या तुलनेत मॅकिआव्हेलीचा ग्रंथ निरुपद्रवी ठरविला. तथापि प्रजेच्या सुखातच राजाचे सुख आहे, असेही कौटिल्य सांगतो. म्हणजे त्याची निरपेक्षता साधनांपुरती आहे, साध्याबाबत नाही.

ग्रीसमध्ये प्लेटोच्या गॉर्जिअस या संवादातील कॅलिक्लीझ रूढ न्यायनियमांना दुर्बलांनी रचलेले बंधन समजतो. रिपब्लिकमधील थ्रॅसिमॅकस न्याय म्हणजे बलवानाचे हित, असे प्रतिपादन करतो. प्लेटोचा बराचसा नीतिविचार या आक्षेपांना दिलेले उत्तर आहे. मॅकिआव्हेलीने १५१३ मध्ये लिहिलेल्या व १५३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द प्रिन्स या ग्रंथात सत्ता टिकविण्यासाठी राजाने प्रसंगी सद्‌गुण दूर ठेवण्यास शिकावे, असे सुचविले. नीत्शेलाही (१८४४–१९००) पुष्कळदा नीतिनिरपेक्षतेचा पुरस्कर्ता मानतात. पण त्याने मूल्यमात्र नाकारले नाही. प्रचलित नीतीच्या उगमाविषयी शंका घेऊन नव्या मूल्यांची मागणी त्याने केली.

नीतीची कक्षा कोठपर्यंत पोहोचते, हा प्रश्न न्यायव्यवहारातही उद्‌भवतो. मध्ययुगीन यूरोपात प्राण्यांवर खटले चालत; फ्रान्समधील फालेझ येथे १३८६ मध्ये बालकाच्या मृत्यूबद्दल एका डुकरिणीस देहान्त शासन झाले. आधुनिक विधीत जाणीव हा अपराधाचा आधार आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ८२ नुसार सात वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध ठरत नसे. कलम ८४ ने आपले कृत्य चुकीचे आहे हे मनोविकलतेमुळे न जाणणाऱ्या व्यक्तीस संरक्षण दिले होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही तत्त्वे अनुक्रमे कलम २० व २२ मध्ये कायम आहेत.

दैनंदिन व्यवहारात नीतिनिरपेक्षता बहुधा उघड सिद्धांताच्या रूपाने नव्हे, तर सबबीच्या रूपाने आढळते. ‘धंदा तो धंदा’, ‘वरून आलेला हुकूम’ ही तिची परिचित रूपे होत. एडवर्ड बॅनफील्ड याने १९५८ मध्ये दक्षिण इटलीतील एका गावाच्या अभ्यासावरून ‘नीतिनिरपेक्ष कुटुंबवाद’ ही संकल्पना मांडली : कुटुंबाचे तात्कालिक हित तेवढे पाहावे आणि इतरही तसेच वागतात असे गृहीत धरावे. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली. दारिद्र्य आणि जमीनधारणा यांचा परिणाम स्वभावदोष म्हणून मांडला गेला, हा त्यांतील प्रमुख आक्षेप. १९६१ मधील जेरूसलेम येथील खटल्यात आडॉल्फ आइखमान याने आपण केवळ आज्ञापालन केले, असा बचाव केला. न्यायालयाने तो फेटाळला.

सुरी स्वतः नीतिनिरपेक्ष असते; ती उचलणारा हात तसा नसतो. निवडीची क्षमता जेथे नाही तेथे दोष देणे अन्यायाचे होय. पण ती क्षमता असताना निरपेक्षतेचा आश्रय घेणे हीदेखील एक निवडच असते आणि म्हणून ती नैतिक मूल्यमापनास पात्र ठरते.