कृत्रिम गुडघा आणि त्याचे आयुर्मान

बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० मध्ये क्षयाने पोखरलेल्या गुडघ्याच्या जागी हस्तिदंताची बिजागरी बसवली, तेथून कृत्रिम गुडघ्याची कुळकथा सुरू होते. तो प्रयोग जंतुसंसर्गामुळे फसला. १९५० च्या दशकात स्वीडनचे वाल्डियस आणि इंग्लंडचे शिअर्स यांनी बिजागरीच पुन्हा निवडली. परंतु गुडघा नुसता दुमडत नाही, दुमडताना मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते, सरकते आणि किंचित वळतेही, आणि एकाच आसावर फिरणाऱ्या बिजागरीला हे साधत नसल्याने सारा पीळ हाडाशी असलेल्या जोडावर पडून सांधा सैल होई.

वाट सापडली ती खुब्याच्या सांध्यामुळे. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी धातूवर पॉलिइथिलीन हे चिवट प्लास्टिक, आणि दोन्ही भाग हाडात पक्के बसवणारे ॲक्रिलिकचे ‘बोन सिमेंट’, ही रचना खुब्यासाठी रूढ केली. तेथेच काम करणारे कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये ती गुडघ्यात आणून बिजागरी वगळली. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, इंदूरला वैद्यक शिकलेले चित्तरंजन राणावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी ‘टोटल काँडायलर’ गुडघा घडवला, आणि आजचे बहुतेक गुडघे त्याच घराण्यातले आहेत.

कृत्रिम गुडघा किती टिकतो हे मात्र एकेका शल्यविशारदाच्या अनुभवावरून ठरत नाही, कारण त्रास झालेला रुग्ण पुष्कळदा दुसऱ्याच दारी जातो. म्हणूनच स्वीडनने १९७५ मध्ये सुरू केलेली गुडघेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही या कुळकथेत धातूइतकीच मोलाची ठरते: सांधा देशात कोठेही पुन्हा बदलला, तरी ते तिच्यात उमटते. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील अशाच नोंदींवरून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के, तर गुडघ्याचा एकच भाग बदलणाऱ्या रोपणांपैकी सुमारे ७० टक्के २५ वर्षे टिकतात.

येथे ‘टिकणे’ म्हणजे पुनर्शस्त्रक्रिया न होणे एवढेच. दुखरा गुडघा सोसत राहणारा रुग्णही या हिशेबात यशस्वीच ठरतो, आणि ही या मोजणीची गंभीर उणीव आहे. शिवाय सरासरीत वय झाकले जाते. याच नियतकालिकातील २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासानुसार सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांना उरलेल्या आयुष्यात पुनर्शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे ५ टक्के असते, तर पन्नाशीच्या आरंभी तो बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते.