साथीआधीच लिहून ठेवलेली चाचणी

ऑगस्ट 2009. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. अत्यवस्थ रुग्णाला स्टेरॉइड द्यावं की नाही, याचं ठाम उत्तर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. काही डॉक्टर देत होते, काही टाळत होते. याचा निकाल लावायला रीतसर चाचणी हवी. पण आराखडा लिहायचा, एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची, रुग्णालयांशी करार करायचे, औषधांचा साठा मिळवायचा, यात महिनोन्महिने जातात. तोवर लाट ओसरलेली असते.

2009मध्ये तेच झालं.

त्यातून ब्रिटनमध्ये एक तोड निघाली. 2012च्या सुमारास तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन यंत्रणेने काही अभ्यासांना पैसे दिले, ते सगळी तयारी करून झोपवून ठेवण्यासाठी. फ्लूच्या रुग्णांना कमी मात्रेत स्टेरॉइड देऊन पाहणारी, नॉटिंगहॅमच्या वेई शेन लिम यांची चाचणी त्यांतलीच. कागदपत्रं आधीच मंजूर. साथ आली की रुग्ण घ्यायला सुरुवात.

गोम एकच होती. हे आराखडे फ्लूसाठी बेतलेले, आणि 2020मध्ये आला करोना. ही अडचण रीमॅप-कॅप या बहुदेशीय चाचणीला आली नाही, कारण ती झोपवलेलीच नव्हती. 2016पासून ती न्यूमोनियाच्या नेहमीच्या रुग्णांवर सुरू होती आणि महासाथ आल्यास काय करायचं, तेही तिच्या आराखड्यात होतं.

ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी उभारलेल्या रिकव्हरी चाचणीने वेळेचं गणितच बदललं. आराखड्याचा पहिला मसुदा ते पहिला रुग्ण, एवढं अंतर नऊ दिवसांत कापलं. तारीख होती 19 मार्च 2020. वॉर्डातल्या डॉक्टरने संमती घ्यायची, संगणकावर मोजकी माहिती भरायची. कोणाला कोणता उपचार, हे संगणक ठरवणार. लिमही या चमूत होते. 16 जूनला डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर झाला. 6,425 रुग्णांच्या तुलनेत दिसलं, की या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना मात्र फायदा दिसला नाही.

करोनाची लाट ओसरल्यावरही रिकव्हरी गुंडाळली गेली नाही. फ्लूचे रुग्णही तिच्यात घेतले जाऊ लागले आणि ऑसेल्टामिव्हिर, बॅलोक्साविर या फ्लूविरोधी औषधांबरोबर स्टेरॉइडचीही तपासणी सुरू झाली.