यकृत नवे, संकट मूत्रपिंडावर

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरील पहिले यकृतारोपण केले. तीन वर्षांचा तो मुलगा रक्तस्रावाने शस्त्रक्रियेतच दगावला. १९६७ साली मात्र त्यांची एक बालरुग्ण आरोपणानंतर वर्षाहून अधिक जगली. पण परके यकृत नाकारणाऱ्या प्रतिकारशक्तीचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच.

उत्तर मिळाले एका बुरशीत. नॉर्वेतील हार्दांगरव्हिदा पठारावरच्या मातीतील बुरशीपासून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीने सायक्लोस्पोरिन मिळवले. ते प्रतिकारशक्तीला आवर घालते, हे १९७२ मध्ये दिसून आले. १९८०च्या दशकात यकृतारोपण रूढ होण्यात या औषधाचा मोठा वाटा होता.

पण प्रतिकारशक्तीला आवर घातला, की बुरशींचे फावते. कॅन्डिडा ही बुरशी निरोगी माणसाच्याही आतड्यात राहते. प्रतिजैविकांनी तेथील जीवाणू मेले, की तिला मोकळे रान मिळते. ती रक्तात शिरली, तर मूत्रपिंड दूर नसते; हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा तिकडेच जातो. तेथे ती रुजते आणि कधी कधी तिचे गोळे मूत्रमार्गच अडवतात.

यावर अँफोटेरिसिन बी हे औषध होते. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या प्रदेशातील मातीत सापडलेल्या जीवाणूपासून ते १९५०च्या दशकात मिळाले. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला ते चिकटते आणि पटल गळू लागते. पण आपल्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉलसारखेच कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे मूत्रपिंडालाही इजा होते. सायक्लोस्पोरिनही मूत्रपिंडाला बाधते. म्हणजे जो अवयव वाचवायचा, त्यावरच दुहेरी मारा!

१९९० मध्ये अमेरिकेत फ्लुकोनॅझोलला मान्यता मिळाली. ते बुरशीला अर्गोस्टेरॉल बनवूच देत नाही. शिवाय त्यातले सुमारे ८० टक्के औषध जसेच्या तसे लघवीत उतरते, म्हणजे हवे तेथेच पोहोचते. तरी सावधगिरी हवीच. यकृतात होणारे सायक्लोस्पोरिनचे विघटन ते मंदावते, म्हणून सायक्लोस्पोरिनची मात्रा घटवावी लागते. कॅन्डिडाच्या काही जाती तर त्याला दादही देत नाहीत.

जीवाणूंवर इतकी औषधे असताना बुरशीवर मोजकीच का, असे विद्यार्थी विचारतील. या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. बुरशीच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक असते. उत्क्रांतीच्या वंशवृक्षात ती जीवाणूंपेक्षा आपल्याला जवळची. शत्रू नात्यातला असला, की त्याच्यावर केलेला वार आपल्यालाही लागतो.