मंडईतली पोर्तुगीज

पोटॅटो म्हणजे बटाटा, कॅबेज म्हणजे कोबी, पायनॅपल म्हणजे अननस, कॅश्यू म्हणजे काजू, ऑक्शन म्हणजे लिलाव. पुण्याच्या मंडईत कुणालाही विचारा, हे इंग्रजीचं मराठी झालं असंच तो सांगेल. पण याच दमात इंग्रजीचं पोर्तुगीजही झालेलं असतं. उच्चारात थोडा फरक करून हेच शब्द लिस्बनच्या बाजारात चालतात.

मंडईची इमारत 1886 सालची. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या मैदानात भरायचा. पुणे नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं इमारतीला फुल्यांचंच नाव मिळालं. वर मनोरा, खाली गाळे आणि पोर्तुगीज शब्द या सगळ्याच्या कितीतरी आधीचे.

हे शब्द पुण्यात थेट आले नाहीत. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, चौलला त्यांचं ठाणं होतंच. वसईत ते दोनशे वर्षांहून अधिक राहिले. तिथे त्यांच्या हाताखाली मराठी बोलणारी माणसं राबत होती: सुतार, गवंडी, माळी, खलाशी, स्वयंपाकी. पगार, चावी, बादली, पिंप, घमेलं हे शब्द असल्या कामातूनच अंगवळणी पडतात. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तिथल्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगल्या गेल्या, त्या आपण आजही कौतुकानं दाखवतो. शब्दांचं कौतुक कुणी केलं नाही, कारण ते परके आहेत हे तोवर कुणाच्या लक्षातही राहिलं नसावं.

बटाट्याची गोष्ट यात सगळ्यात लांबची. ‘बताता’ हा शब्द पोर्तुगिजांचाही नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांनी तो रताळ्यासाठी वापरला, स्पॅनिश आणि पोर्तुगीज खलाशांनी उचलला आणि पुढे दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्याच कंदालाही तोच चिकटला. इंग्रजांचा पोटॅटो त्याच मुळातून फुटला, म्हणजे पोटॅटो आणि बटाटा ही सख्खी चुलत भावंडं. आपल्याकडे रताळ्याला वेगळंच नाव पडलं, बताता हे नाव आपण बटाट्यापुरतंच घेतलं. सातपुडा ओलांडला की त्याचा आलू होतो. गुजराती, मराठी, कोकणी या किनाऱ्याजवळच्या भाषांनी मात्र बटाटा धरून ठेवला. पोर्तुगीज गलबतं जिथे लागली त्या किनाऱ्याचा एक तुकडा या एका भाजीच्या नावावरून आखता येतो. आज आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा शेतकरी बटाटा लावतो, तेव्हा त्याच्या तोंडी अटलांटिकपलीकडचा शब्द असतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो.

काजू आणि अननस ही नावं ब्राझीलच्या तुपी भाषेतून निघाली. पेरू बहुधा पोर्तुगीज ‘पेरा’वरून, म्हणजे नासपतीवरून आला. पण मिरचीही त्याच गलबतांतून उतरली, आणि तिला आपण मिऱ्यावरून आपलं नाव दिलं. कशाचं नाव ठेवून घ्यायचं आणि कशाचं बदलायचं, हे ठरवायला कुठलं मंडळ बसलं नव्हतं. घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी ते ठरवलं आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. कोबी हा पोर्तुगीज ‘कोव्ह’. पण पोर्तुगिजांची ‘कोव्ह-फ्लोर’ इथे आली ती इंग्रजीतून, फ्लॉवर होऊन. एकाच कुळातल्या दोन भाज्या आणि मधे दोन राजवटी, दोन्ही मंडईत शेजारी रचलेल्या.

लिलाव तर बाजाराच्या कामाचाच शब्द. पोर्तुगीज ‘लैलाँव’चं मूळ अरबीत, जाहीर करणे या अर्थाच्या शब्दात आहे. अरबांकडून पोर्तुगिजांकडे आणि तिथून आपल्याकडे, असा तो तीन बाजार फिरला. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, त्याच्याबरोबर लिलावही गेला.

हा सगळा माग काढण्याचं मोठं काम गोव्याच्या माणसानं केलं. बार्देशातल्या आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो (1855–1922). आशियातल्या भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ 1913 मध्ये निघाला. त्यात त्यांनी एकेक पोर्तुगीज शब्द घेऊन तो मराठीत, कोकणीत, बंगालीत, मलयात, थेट जपानीपर्यंत काय रूप घेऊन बसला ते मांडलं. बडोद्याच्या अँथनी झेवियर सोरिस यांनी 1936 मध्ये त्याचं इंग्रजी केलं. मराठीत असं पुस्तक सहज हाती लागायला हवं होतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या शब्दांचा इतिहास आपण इंग्रजीतून वाचावा, ही मला खरोखर उणीव वाटते.

वाहतूक एकाच दिशेची नव्हती. पोर्तुगिजांनी मलयाळममधून आंब्याला ‘मांगा’ आणि फणसाला ‘जाका’ म्हणणं उचललं, आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी मँगो आणि जॅकफ्रूट केलं. गोव्यात कलमं बांधून निपजलेल्या आंब्याला अफोन्सो हे पोर्तुगीज नाव मिळालं. गोवा घेणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कवरून, असं सांगतात. कोकणात त्याचा हापूस झाला, इंग्रजीत अल्फान्सो. उन्हाळ्यात मंडईत पेटीवर अल्फान्सो छापलेलं असतं आणि विकणारा हापूस म्हणून हाक देतो.