हाक आणि ओ

१९३३ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील बँकांची दारे बंद होती. ठेवी बुडतील या धास्तीने लोकांनी रांगा लावून पैसे काढून नेले होते. ४ मार्चला अध्यक्षपदाची शपथ घेतलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना, दोनच दिवसांत, बँका काही काळ बंद ठेवण्याची आज्ञा काढावी लागली. १२ मार्चला, रविवारी रात्री, ते ध्वनिक्षेपकासमोर बसले. आपण बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही, तो धंद्यांत कर्जाऊ फिरत असतो, ही साधी गोष्ट त्यांनी शाळेत धडा समजावून द्यावा तशी समजावून दिली. आणि पैसा गादीखाली ठेवण्यापेक्षा पुन्हा उघडलेल्या बँकेत अधिक सुरक्षित आहे, असे आश्वासन दिले. सुमारे सहा कोटी लोकांनी ते ऐकले असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी बँका उघडू लागल्या, तेव्हा माणसे पुन्हा रांगेत उभी होती. या वेळी पैसे भरण्यासाठी!

त्या भाषणांना पुढे 'शेकोटीजवळच्या गप्पा' असे नाव पडले. गप्पा म्हटले तरी बोलणारा एकच होता. ऐकणाऱ्यांनी मग टपालाचा आश्रय घेतला. पूर्वी व्हाइट हाउसचे टपाल पाहावयास जवळजवळ एकच माणूस पुरत असे. रूझवेल्टांच्या कारकिर्दीत तेथे मोठा कारकूनवर्ग नेमावा लागला. उत्तर साऱ्यांनाच मिळाले नसेल, परंतु पाकीट फोडणारा हात माणसाचा होता.

पाऊण शतकानंतर, नोव्हेंबर २००८ मध्ये, बराक ओबामा यांनी नियोजित अध्यक्ष म्हणून आपले साप्ताहिक नभोवाणी-भाषण यूट्यूबवरही दाखविण्यास प्रारंभ केला. हे नवे म्हणावे तर जुनेच होते. आवाजाला चेहरा मिळाला, एवढेच. खरा नवा प्रयोग सप्टेंबर २०११ मध्ये झाला. 'वी द पीपल' या नावाने व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर एक दालन उघडले. कोणाही नागरिकाने तेथे अर्ज मांडावा, तीस दिवसांत ५,००० सह्या जमल्या की सरकार उत्तर देईल, असे वचन होते. सह्या इतक्या भराभर जमू लागल्या की ही अट पंधरवड्यात २५,००० वर आणि जानेवारी २०१३ मध्ये एक लाखावर न्यावी लागली. चित्रपटातल्यासारखा ग्रहसंहारक 'डेथ स्टार' सरकारने बांधावा, अशीही मागणी आली. ग्रह उडवून देणे हे सरकारचे धोरण नाही, असे तिला रीतसर उत्तर गेले. विनोदाला विनोदाने ओ देणे सोपे असते.

कसोटी लागली ती डिसेंबर २०१२ मध्ये. १४ तारखेला न्यूटाऊन येथील प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने वीस मुले व सहा मोठी माणसे ठार केली. बंदुकांवर निर्बंध घालावेत अशा अर्जांवर काही दिवसांतच लाखांवर सह्या झाल्या. आठवड्याच्या आतच, २१ तारखेला, ओबामांनी चित्रफितीतून सह्या करणाऱ्यांना उद्देशून उत्तर दिले. तुमचे ऐकले आहे, आता मला तुमची साथ हवी, असा त्याचा आशय होता. परंतु बंदूक विकत घेणाऱ्याची अधिक कसून चौकशी व्हावी हा प्रस्ताव एप्रिल २०१३ मध्ये सिनेटपुढे आला, तेव्हा साठ मते हवी होती आणि पडली चौपन्न. मृत मुलांचे आईबाप वॉशिंग्टनला स्वतः येऊन सिनेटरांना भेटले होते. अध्यक्षांनी ओ दिली होती. कायदा मात्र दुसऱ्या घरात होत होता, आणि त्या घराचे दार सह्यांनी उघडले नाही.

असे दार कधी उघडलेच नाही असे नव्हे. मोबाइल फोन दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालावा म्हणून त्याचे कुलूप काढणे जानेवारी २०१३ पासून बेकायदा ठरले होते. त्याविरुद्धच्या अर्जावर एक लाखावर सह्या जमल्या, सरकारने मागणी मान्य केली, काँग्रेसनेही साथ दिली, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा झाला. फोनचे कुलूप निघाले, कारण तेथे वाट अडविणारे थोडे होते.

पुढे डोनाल्ड ट्रम्प आले. जनतेशी त्यांच्याइतके अखंड, ट्विटरवरून दिवसरात्र, दुसरा कोणी अध्यक्ष बोलला नव्हता. त्यांनी आपली करविवरणपत्रे प्रसिद्ध करावीत या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या. तरीही त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षात एकाही अर्जाला उत्तर मिळाले नाही. जानेवारी २०२१ मध्ये सत्ता पालटली, तेव्हा नव्या सरकारनेही ते दालन चालू ठेवले नाही. त्या पत्त्यावर जाणारा माणूस व्हाइट हाउसच्या पहिल्या पानावर येऊन उभा राहू लागला. अध्यक्षांना पत्र लिहिण्याची जुनी सोय तेवढी शिल्लक राहिली.