गिरणेकाठचा आवा

पाचोऱ्याला गाडीतून उतरा आणि चाळीसगावच्या अंगाला, गिरणेकाठच्या बहाळकडे चालू लागा. जाताना एकेक गोष्ट मागे टाकत जा. आधी रूळ जातात, मग केळीच्या बागा, मग मका आणि मिरची. या दोघांना अमेरिकेतून इथं पोचायला अजून जवळजवळ तीन हजार वर्षं आहेत. शेवटी उरते नदी आणि काठावरची कुडाची घरं. इसवी सनापूर्वी 1300 च्या आसपासचा उन्हाळा आहे.

एका अंगणात चाक फिरतंय. पलीकडे एक बाई कच्ची भांडी रंगवत बसली आहे. तिच्याशी बोलायला जाऊ नका. तिची भाषा कुठली होती हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. ती खुणेनंच तुम्हाला गेरू कुटायला बसवते. कुटलेला गेरू पाण्यात ढवळायचा, जाड कण खाली बसू द्यायचे आणि वरचं लाल पाणी तेवढं ओतून घ्यायचं. लेप ताकाइतका पातळ हवा. भांडं अर्धवट सुकलेलं असतानाच तो लावायचा. फार ओलं असलं तर लेप ओघळतो, पार वाळलं तर पुढे पापुद्रे धरतो.

तुम्हाला सवय कपबशीच्या झिलईची. इथं ती नाही. वाळू आणि क्षार वितळवून भांड्यावर काचेचा थर चढवणं या अंगणात कुणी करत नाही. सारा खेळ मातीवर माती चढवण्याचा. पण थर म्हटला की प्रश्न तेच: कशावर काय, किती जाड, किती वाळल्यावर. म्हणून भांड्याला हात लावण्याआधी ती तुमच्या पुढ्यात फुटक्या खापऱ्या टाकते. एकीवर लेपाचा एक हात, दुसरीवर दोन, तिसरीवर लेप आणि त्यावर काळ्या दगडाच्या पुडीनं ओढलेल्या रेघा.

कच्चेपणी या खापऱ्यांकडे पाहून काहीच सांगता येत नाही. रंग ठरतो तो आव्यात. गेरूतल्या लोहाला हवा मिळाली तर ते लाल राहतं. धुरात कोंडलं तर काळं पडतं. मँगनीज असलेल्या दगडाची पूड मात्र हवा मिळूनही काळीच राहते. म्हणून लालावर काळी रेघ टिकवायची तर ज्वाळेला शेवटपर्यंत मोकळी हवा हवी. शेजारच्या ढिगात वाडगे पालथे घातलेले असतात: तोंड भुशात, पाठ हवेत. निघतात तेव्हा आतून काळे, बाहेरून लाल. एकच माती, एकच आच, फरक फक्त हवेचा. मला विचाराल तर या काठावरची सर्वांत हुशार युक्ती हीच.

आवा निवल्यावर ती प्रत्येक भांड्याला टिचकी मारते. चांगलं भाजलेलं भांडं धातूसारखं खणखणतं. मळका आवाज आला की भांडं बाजूला. नळीसारख्या तोटीचा लोटा, कंगोरा असलेला वाडगा, त्यांच्यावर काळ्या तिरक्या रेघा आणि चौकटी. पृष्ठभाग चकाकत नाही आणि चकाकावा अशी तिची धडपडही दिसत नाही.

आता आणखी सातेकशे वर्षं मागे, उत्तरेला तापीकाठच्या सावळद्यात चला. इथला लेप जाड आहे. लेपाची माती बारीक, आतली भरड. बारीक माती वाळताना जास्त आकसते, त्यामुळे भाजून निघालेल्या भांड्यावर केसांएवढ्या भेगांचं जाळं उमटतं. त्या जाळ्यातूनच बाण, गळ, मासे दिसतात. बहाळच्या बाईनं अशी खापरी पाहिली असती तर ती नापास करून ढिगात फेकली असती, असं मला वाटतं. सावळद्याच्या माणसांना भेगा आवडत होत्या की ती त्या नुसत्या चालवून घेत होती, हे खापरी सांगत नाही.

तसं पाहिलं तर तिचं फेकणंच आपल्या कामी आलं. बहाळला 1950 च्या दशकात एम. एन. देशपांडे यांनी उत्खनन केलं, नदीपलीकडच्या टेकवाड्याला दफनं मिळाली. एच. डी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये प्रवरेकाठच्या जोर्व्याला खणलं, म्हणून गिरणेकाठच्या त्या बाईची भांडीही तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावानं ओळखली जाऊ लागली. गावाचं नाव, देवाचं नाव, राजाचं नाव यांपैकी काही हाती नाही. मग संस्कृती वेगळ्या कशानं करायच्या? बहुतांशी लेपानं. भेगाळलेला जाड लेप म्हणजे सावळदा, नारिंगीसर लेपावर गडद नक्षी म्हणजे माळवा, पातळ लाल लेपावर काळी म्हणजे जोर्वे. नखाहून पातळ थरावर आपण शतकांच्या सीमा आखल्या आहेत. हे थोडं धाडसाचं आहे, पण इतका मुबलक आणि वेगळेपण दाखवणारा दुसरा पुरावा त्या माणसांनी फारसा मागे ठेवलेला नाही.

परतीच्या वाटेवर उत्खननाच्या छावणीत थांबा. खापऱ्या धुऊन उन्हात पसरल्या आहेत. एक जण बसून प्रत्येकीवर बारीक टाकानं शाईत स्थळ, खड्डा आणि थर यांची खूण घालतो, वरून पारदर्शक वार्निशचा एक हात देतो. लिहितो तो आतल्या बाजूला, जिथं नक्षी नाही.