घोड्याच्या रक्तातून गाठीच्या काचपट्टीवर

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याकडे साप चावला, की दवाखान्यात सलाईनमधून देतात ते औषध घोड्याच्या रक्तातून आलेलं असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडंथोडं टोचत गेलं की घोड्याच्या रक्तात त्यावर उतारा तयार होतो. तो उतारा म्हणजेच प्रतिपिंडं. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत डीएनएची डागडुजी करणारी प्रथिनं हुडकायला जी प्रतिपिंडं वापरतात, ती याच कुळातली.

कुळाचा आरंभ १८९० सालचा, बर्लिनचा. बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वाताचं विष मारणारा गुण जनावराच्या रक्तद्रवात दाखवून दिला. पुढची पन्नास वर्षं प्रतिपिंड मुख्यतः औषधच राहिलं. मग १९४१ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट कून्स यांनी त्याला चमकणारा रंग जोडला आणि न्यूमोनियाचे जंतू अतिनील प्रकाशात उजळले. मारणारं प्रतिपिंड आता दाखवू लागलं.

अडचण वेगळीच होती. प्रत्येक जनावराचं रक्त निराळं, आणि जनावर मेलं की तो साठा संपला. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी मायलोमा या कर्करोगाच्या पेशीशी जोडली. पहिलीला एकच नेमकं प्रतिपिंड बनवता येत होतं, दुसरीला अखंड वाढत राहता येत होतं. जोडपेशीत दोन्ही गुण उतरले. कर्करोग ओळखण्याचं इतकं नेमकं साधन कर्करोगाच्याच पेशीपासून जन्मलं, याहून विलक्षण वळण मला या कथेत दिसत नाही. त्यांनी पेटंटही घेतलं नाही. नोबेल १९८४ मध्ये मिळालं.

पण जनावरांत, जसं सशांत, प्रतिपिंडं बनवण्याचं कामही संपलं नव्हतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की जवळच्या एच-टू-एएक्स प्रथिनावर फॉस्फेट चढतं, हे संशोधक बॉनर यांच्या प्रयोगशाळेला १९९८ मध्ये दिसलं. तेवढीच खूण ओळखणारं प्रतिपिंड सशात तयार झालं आणि पेशीकेंद्रातल्या तुटीच्या जागा ठिपक्यांसारख्या मोजता येऊ लागल्या.

कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या ग्रामीण भागातल्या कर्करुग्णांच्या रक्तातून एक्सआरसीसी-१ सारख्या दुरुस्ती-जनुकांमधले फरक तपासले आहेत. हे काम मोलाचं आहे, कारण इथल्या माणसांची नोंद इथेच व्हायला हवी. पण जनुकात पाठ बरोबर असूनही प्रथिन गाठीत नसू शकतं. ते पाहायला प्रतिपिंडच लागतं.

आतड्याच्या कर्करोगात एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या चार प्रथिनांसाठी चार प्रतिपिंडं लावतात. प्रथिन असेल तर पेशीकेंद्र तपकिरी होतं, नसेल तर निळंच राहतं. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी झाल्या, म्हणजे रंग नीट चढला. ही दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींसाठी, अवयव कुठला हे न पाहता, २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. तेही प्रतिपिंडच. बहुतेकदा या चाचणीसाठी नवा तुकडा काढावा लागत नाही. मिरजेहून किंवा कराडहून मुंबईला नेलेल्या, गाठीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून केसाहून पातळ अशा चार चकत्या पुरतात.